साडेचारचा सुतळी बॉम्ब

आई गेल्यावर तिच्या स्वयंपाकघराची आवराआवर करायला सुमी आणि मी दोघंच बसलो होतो. भांड्यांवर नावं कोरलेली असल्यामुळे वाटणी सोपी होती. सुमीच्या बारशातली तिची, माझ्या मुंजीतली माझी. फडताळाच्या अगदी वरच्या खणातून, जिथे स्टुलावर चढल्याशिवाय आईचा हात पोचत नसे, एक कडीचा डबा निघाला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव, शिरीष. सुमीनं तो हलवून पाहिला, आत काहीतरी सरकलं, आणि न उघडताच तिनं तो माझ्याकडे लोटला. "दादा, हा तुझा." बस, एवढंच. त्या दिवाळीत ती नऊ वर्षांची होती. तिला त्यातलं काय आठवतं हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलेलं नाही, आणि तिनंही आपण होऊन कधी विषय काढला नाही. डब्यात काय होतं ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर बाकीचं लिहायचा धीर राहणार नाही. हे प्रकरण ओलांडून थेट कॉलेजातल्या दिवसांवर जायचा प्रयत्न मी आधीच दोनदा केलेला आहे.

बाबा चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात हाडांचे डॉक्टर होते. मिरज सोडली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, त्यामुळे मिरज म्हणजे माझ्या लेखी आजीची पत्रं आणि पातळ पोह्यांची पार्सलं. आमच्या सरकारी क्वार्टरला पुढे हिरवळीचा तुकडा, मागे विटांचं अंगण, आणि अंगणाच्या भिंतीला एक लाकडी दार. ते उघडलं की मागची गल्ली. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. सुमीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ठरलेलं. "अगं, मराठीत बोल ना," असं आईनं म्हटलं की ती म्हणायची, "बोल तो रही हूँ!" चिवड्याला पातळ पोहे तिथे मिळत नसत, म्हणून मिरजेकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या सामानात आजी एक पिशवी कोंबायची. एका वर्षी ती पिशवी घेऊन येणारे गृहस्थ अंबाल्यालाच अडकले, कारण पुढे गाड्या बंद होत्या. आई दोन दिवस त्या गृहस्थांची काळजी करत होती आणि तिसऱ्या दिवशी पोह्यांची.

गाड्या बंद होणं, बाजार बंद होणं, शाळा अर्ध्यावर सोडणं, हे पंजाब पेटलेल्या त्या वर्षांत हवामानासारखं झालं होतं. अंधार पडायच्या आत बाबा घरी आले नाहीत तर आई कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरायची. रात्री गल्लीतून पाळीपाळीनं शेजारचे लोक पहारा द्यायचे. काठीचा ठोका आणि शिट्टी, पुन्हा ठोका आणि शिट्टी. बातम्या लागल्या की बाबा रेडिओचा आवाज कमी करायचे, जणू आवाज कमी केला की घडलेलंही थोडं कमी होईल. आणि कुठूनही धप्पकन काही वाजलं की सगळी घरं आधी दिवे घालवायची, मग खिडकीपाशी यायची. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

समोरच्या ओळीत जीता राहायचा. हरजीत. त्याचे वडील, म्हणजे दारजी, सचिवालयात हेडक्लार्क, आई घरीच. तिला तो बीजी म्हणायचा आणि मी आंटीजी. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा, अकरावीत माझ्याच बाकावर, गणितात माझ्यापुढे आणि हिंदीच्या शुद्धलेखनात माझ्यामागे. मला तो 'मराठे' म्हणायचा, तेही आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. आंटीजींच्या हातचे मुळ्याचे पराठे मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाल्लेले आहेत आणि आमची भाकरी जीत्यानं 'यह तो पापड़ का बाप है' म्हणत खाल्लेली आहे. त्या वर्षांत काही घरांनी समोरच्या शीख घरांत जाणं कमी केलं होतं. आमच्यात तसं काही झालं नव्हतं, असं मी तेव्हा मोठ्या अभिमानानं मानत असे.

पडक्या देवळाची गोष्ट जीत्याच्या आजोबांची. पिंजोरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव होतं. गावामागच्या कड्यावर फार जुन्या देवळाचे अवशेष पडलेले, छप्पर नाही, भिंती नाहीत, हात-डोकी तुटलेल्या मूर्ती गवतात, आणि दोनच खांब उभे. आजोबा म्हणायचे, पांडवांनी बांधलं. त्या भागात जे जे जुनं ते पांडवांनीच बांधलेलं असतं. पण एक गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली होती. दिवाळीच्या सुमाराला चार-पाच दिवस उगवता सूर्य बरोबर त्या दोन खांबांच्या मधोमध येतो आणि समोरच्या फरशीवर उजेडाचा एक उभा पट्टा पडतो. "चौखट होती है, मराठे, और उसमें सूरज खड़ा होता है," असं जीता सांगायचा, आणि सांगताना दोन्ही हात खांबांसारखे उभे धरायचा.

ते बघायला जायचंच असं आम्ही ठरवलं. विचारायचं नाही हेही ठरवलं, कारण उत्तर माहीत होतं. उजाडायच्या आत रस्त्यावर पडायचं नाही, हा दोन्ही घरांतला कायदा होता. सायकलनं तिथे पोचायला दीड तास, वर चढायला अर्धा, म्हणजे साडेचारला निघायला हवं. एवढ्या पहाटे अंगणातून मागच्या दारानं बाहेर पडताना घरच्यांना जाग आली तर? तिथे माझं डोकं चाललं. नरकचतुर्दशीला आमचं घर पहाटे तीनलाच उठायचं. बंब पेटायचा, आजीनं पाठवलेलं उटणं, तेल, पाटाभोवती रांगोळी. न्हाऊन झालं की पायाखाली कारीट फोडायचं, कारीट तिथे मिळत नसे म्हणून आई बाजारातून टिंडा, म्हणजे ढेमसं, आणायची, आणि बाबा दरवर्षी म्हणायचे, "यंदा नरकासुर जरा गोलमटोल आलाय." त्या गडबडीत मी अंघोळ उरकून 'हरजीतकडे फराळ देऊन येतो' म्हटलं की कोणाला संशय येणार नव्हता. बाकीचं परत आल्यावर बघू. चंदीगडात आमच्याखेरीज पहाटे दिवाळी करणारं घर आसपास नव्हतं. त्यांची दिवाळी लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची. माझी युक्ती उभी होती ती नेमकी ह्याच फरकावर.

पण माझी अंघोळ नक्की कधी होणार ते सांगता येत नव्हतं, आणि जीत्यानं गल्लीत सायकल घेऊन ताटकळत उभं राहणं धोक्याचं होतं. मग मी खुणेची कल्पना काढली. कल्पना माझी होती, हे इथेच स्पष्ट लिहून ठेवतो. आदल्या वर्षीचा एक सुतळी बॉम्ब माझ्याकडे शिल्लक होता. नरकासुर फोडला की आमच्याकडे एक फटाका वाजतोच. तो वाजला की जीत्यानं मागच्या दारानं सायकल काढायची.

"ओए, पागल है?" जीता म्हणाला. "आजकल बम कौन चलाता है?"

"यार, एक ही. हर साल बजता है. सबको पता है."

"सबको नहीं," तो म्हणाला. "हमें पता है."

यावर मी हसलो आणि वहीचं पान फाडून सगळं वेळापत्रक लिहिलं. त्याला वाचता यावं म्हणून हिंदीत. कुठे वळायचं, कोणता पोलीस नाका टाळून नदीकाठानं जायचं, किती वाजता कुठे असायला हवं. खाली दोन खांब काढून मध्ये सूर्य. आणि सगळ्यात वर, अधोरेखित, खुणेचं वाक्य. आज ते पान डोळ्यांसमोर आणून बघतो. नाक्यांची नावं, वेळा आणि 'बम'. त्या दिवसांत असला कागद खिशात घेऊन कोणी फिरावं! पण सोळाव्या वर्षी आम्हाला तो नुसता सहलीचा बेत वाटला. जीत्यानं घडी करून तो पुस्तकात ठेवला आणि म्हणाला, "मुझे तो ज़बानी याद हो गया."

दिवाळीच्या आठ दिवस आधी पलीकडच्या सेक्टरच्या बाजारात काहीतरी झालं. काय ते लिहीत नाही. ज्यांची माणसं गेली त्यांना ते सांगायचा हक्क. फटाके वाजवायचे नाहीत असं फर्मान निघालं, लाउडस्पीकर लावलेली जीप गल्लीगल्लीतून फिरली. बाबांनी जेवताना सांगितलं, "यंदा फुलबाज्यासुद्धा नकोत." मी मान डोलावली. जीत्याला सांगून खूण बदलायला आठ दिवस होते. बदलली नाही. का, याचं उत्तर मी वेगवेगळ्या वयांत वेगवेगळं दिलेलं आहे. खरं सांगायचं तर मला तो वाजवायचाच होता. सगळे घाबरून बसलेत आणि आपण नाही, असं काहीतरी स्वतःला दाखवायचं होतं.

त्या पहाटे आई तीनला उठली. बंबाचा धूर, उटण्याचा वास, सुमीचं कुडकुडणं. बाबांनी माझ्या पाठीला तेल चोळलं. हाडांच्या डॉक्टरांचा हात, एकेक मणका मोजल्यासारखा. न्हाऊन, टिंडा फोडून, नवा सदरा घालून मी अंगणात गेलो. आई स्वयंपाकघरात, बाबा अंघोळीला. सुमी उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मी बोट ओठांवर ठेवलं आणि वात पेटवली.

शांततेत तो आवाज एवढा होईल असं मला वाटलं नव्हतं. भिंतीवर आपटून तो परत आला. मग क्षणभर काहीच नाही. मग कुत्री, मग शिट्ट्या, आणि ओळीतल्या ज्या एक-दोन घरांत दिवा होता तो पटापट गेला. बाबा ओल्या अंगानं, पंचा गुंडाळून बाहेर आले. ओरडले नाहीत. "काय केलंस हे," असं अगदी हळू म्हणाले. आईनं भिंतीवरच्या पणत्यांच्या वाती चिमटीत धरून विझवल्या. तेवढ्यात समोरच्या ओळीमागून दाराची कडी निघाल्याचा आवाज आला, सायकलच्या चाकांची टकटक आली. जीता ठरल्याप्रमाणे निघाला होता. एका मिनिटाचाही उशीर नाही. मग बुटांचा धावता आवाज, "रुक! रुक ओए!", आणि सायकल पडली.

आईनं दोन्ही हातांनी अंगणातले जळके कागद गोळा केले, बंबात टाकले, आणि जिथे काळा डाग पडला होता तिथे रांगोळीचा डबा पालथा केला. अर्ध्या तासानं पुढचं दार वाजलं.

चार वर्दीतले लोक होते. कोणत्या दलाचे ते त्या दिवसांत कळायचं नाही. मध्ये जीता. पटका सुटून गळ्यात आलेला, एका पायात बूट नाही, उजवा हात डाव्या हातानं धरलेला. एका शिपायाच्या हातात त्याची पिशवी. तिच्यात पराठे, टॉर्च आणि आजोबांची जुनी दुर्बीण. अधिकारी वयानं मोठा होता आणि बाबांशी अदबीनं बोलत होता.

"डॉक्टर साब, तकलीफ़ के लिए माफ़ी. यह लड़का कहता है धमाका नहीं था, पटाखा था. आपके घर में चला. कहता है आप लोगों की दिवाली सुबह होती है." तो किंचित हसला. "सुबह की दिवाली, जी?"

"सर, सच में," जीता म्हणाला. "ये लोग सूरज से पहले नहाते हैं. शिरीष से पूछ लो. हम पहाड़ी पे जा रहे थे, मंदिर देखने."

बाबांची नजर त्याच्या मनगटावर होती. ते मनगट कसं धरलंय हे त्यांना त्या क्षणीच कळलं असणार. आयुष्यभर तेच तर केलं त्यांनी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे केस ओले होते, अंगाला उटण्याचा वास होता, नवा सदरा होता. म्हणजे पुरावा दारात उभा होता. बघणाऱ्याला कळत नव्हतं, एवढंच.

"आवाज़ हमने भी सुनी," बाबा म्हणाले. "मार्केट की तरफ़ से आई थी."

आतून सुमीचा आवाज आला, "पर पटाखा तो—" आणि मध्येच तुटला. आईनं तिला ओढून घेतलं होतं. केस पुसायच्या निमित्तानं तिचं सगळं तोंड टॉवेलात.

"बेटा," अधिकारी माझ्याकडे वळला. "तुम जा रहे थे इसके साथ?"

जीता माझ्याकडे बघत होता. घाबरलेला नव्हता तो. हेच मला पुढे कधी सहन झालं नाही. गणिताचं उत्तर आपलं बरोबर आलंय हे माहीत असलेला मुलगा जसा मास्तरांकडे बघतो, तसा तो बघत होता. आता मराठा बोलेल, आणि संपलं.

"नहीं जी," मी म्हणालो. "क्लास में है मेरे. बस."

त्याला घेऊन गेले. दार लावल्यावर आईनं नेहमीसारखी फराळाची ताटं मांडली, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. सुमीनं ताटाला हात लावला नाही. बाबांनी एक चकली तोडली, आणि तिचा कुडुम आवाज झाल्यावर ती तशीच ठेवून दिली. उजाडल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आलं, ओट्यावर पडलं. मी घड्याळ पाहिलं. कागदावर सूर्यासाठी लिहिलेल्या वेळेपेक्षा दोनच मिनिटं पुढे.

जीता चार दिवस आत होता. ते चार दिवस मी कशात काढले ते आता लपवत नाही. मला त्याची काळजी वाटत होती, पण तिच्याहून जास्त मला कागदाची भीती वाटत होती. माझं अक्षर. तो त्यांना मिळाला तर? जीप वाजली की मी संडासात जाऊन बसत असे. बाबा दोनदा म्हणाले, "मी कोणाशी तरी बोलतो," आणि दोनदा फोनचा रिसीव्हर उचलून खाली ठेवला.

भाऊबीजेला आंटीजी आल्या. सुमी मला ओवाळत होती. मी पाटावर, कपाळाला कुंकू, समोर निरांजन. त्या दारातच थांबल्या, ओवाळणं होईपर्यंत. दोन रात्री झोपल्या नसाव्यात. दुपट्ट्याचं एक टोक मुठीत घट्ट आवळलेलं होतं. मग माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "पुत्त, मैं किसी से नहीं कहूँगी. बस मुझे बता दे. तुम दोनों जा रहे थे ना?"

खोलीत सगळे होते. बाबा वर्तमानपत्रामागे, पान हललं नाही. आईच्या हातात ताम्हण.

"नहीं, आंटीजी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. खरंच फिरवला. आईनं घाईघाईनं माझ्या मुंजीचा तो डबा चकल्या-करंज्यांनी भरून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो घेतला. न घेता गेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा तरी वाटलं आहे.

सचिवालयातल्या कोणा साहेबांनी शब्द टाकला आणि जीता सुटला. त्या संध्याकाळी बाबा स्वतःहून समोर गेले, त्याच्या मनगटाला प्लास्टर घालून आले, आणि मोरीत किती तरी वेळ साबणानं हात धूत राहिले. आई म्हणाली, "निघालं असेल आता प्लास्टर." ते म्हणाले, "हो," आणि धूतच राहिले.

पंधरा दिवसांनी जीता आमच्या मागच्या दारी आला, डाव्या हातात डबा. रिकामं भांडं परत करायचं नाही ही रीत त्यांच्याकडेही होती. "बीजी ने पिन्नियाँ भेजी हैं," तो म्हणाला. पिन्नी म्हणजे त्यांचा कणकेचा तुपातला लाडू. मला तो आवडायचा हे आंटीजींना माहीत होतं. मी डबा घेतला. तो वळला आणि मग थांबून, माझ्याकडे न बघता बोलला.

"काग़ज़ नीचे है. मेरी किताब में पड़ा था, बीजी को दूसरे दिन ही मिल गया. दारजी बोले, थाने में दे आते हैं, लड़का सच बोल रहा है. बीजी ने नहीं दिया." प्लास्टरमधली बोटं त्यानं जरा हलवून पाहिली. "कहती है, एक को छुड़ाने के लिए दूसरे का बच्चा क्यों दूँ."

म्हणजे भाऊबीजेच्या दिवशी तो कागद त्यांच्या दुपट्ट्याच्या टोकात होता. तो मुठीत धरून त्यांनी मला विचारलं होतं.

वसंतात जीत्याच्या वडिलांनी बदली मागून घेतली आणि ते सगळे लुधियान्याला गेले. तोवरच्या महिन्यांत जीता बाकावर माझ्याशेजारी बसला नाही, भांडलाही नाही. 'मराठे' म्हणाला नाही, एवढंच. मी डबा तेव्हा उघडलाच नाही. आईकडे दिला आणि बाहेर पळालो. पिन्न्या तिनं काढल्या असतील, कोणी खाल्ल्या ते माहीत नाही. पण त्या वर्षीपासून आमच्या घरात फराळ त्या डब्यात कधी भरला गेला नाही. पुण्यात आल्यावर मित्र, आता माझी मुलगीसुद्धा, दर हिवाळ्यात सूर्योदय बघायला गडावर जायचे बेत करतात. मी गुडघ्याचं कारण सांगतो. गुडघे उत्तम आहेत.

सुमीनं लोटलेला डबा मी तिच्यासमोरच उघडला. तळाला वर्तमानपत्राचा गोल कापलेला कागद, त्यावर चौघडी केलेलं वहीचं पान, कडांना तुपाचे पिवळे डाग. एवढी घरं बदलली आणि आईनं ते प्रत्येक वेळी बरोबर आणलं होतं, एकदाही न बोलता. सुमीनं ते उलगडून दिव्याखाली धरलं. नाका, नदी, दोन खांब, मध्ये माझा सोळाव्या वर्षीचा गोल सूर्य. वरची अधोरेखित ओळ तिनं मोठ्यानं वाचली, लहानपणी वाचायची तशी, एकेक शब्द सुटा करून.

"बम बजे तो समझना, मैं निकल पड़ा."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, तोही मराठीत.

"दादा, तू निघणार होतास का?"

मी तिला हो म्हणालो. पायात चपला घातलेल्या होत्या, फराळाचा डबा भरून ठेवला होता, सायकल दाराला लावलेली होती. हे सगळं खरं आहे. पण आवाज ऐकून दार उघडून बाहेर पडला तो जीता. मी अंगणातच उभा होतो.